कैलास परिक्रमा : डोलमाच्या उतारावर घोडा नसतो

२०२५ च्या जूनमध्ये मी आणि माझ्या वहिनी कैलास मानसरोवर करून आलो, नेपाळमार्गे, खाजगी टूरने. सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगते कारण ती आम्हाला निघण्याआधी कोणीच सांगितली नाही. परिक्रमेतली सगळ्यात उंच खिंड म्हणजे डोलमा पास, ती उतरताना घोड्यावर बसू देत नाहीत. तुम्ही तीन दिवसांचे पूर्ण पैसे भरलेले असले तरी तिथे उतरून आपल्या पायांनी खाली जायचं.

बुकिंगच्या आधी वहिनींनी स्वतः विचारलं होतं, माझे गुडघे दुखतात, जमेल का? त्यावर एजंट म्हणाला, "काकू, घोडा करा, पाय जमिनीला लावायचाच नाही." या एका वाक्यावर त्यांनी पैसे भरले. त्या एकसष्ट वर्षांच्या आहेत.

परिक्रमा ५२ किमीची, तीन दिवसांची. पहिला दिवस यमद्वार ते दिरापुक, साधारण १२ किमी, नदीकाठचा रस्ता, रोज चालायची सवय असेल तर होतो. तिसरा दिवस किरकोळ. खरी परीक्षा मधल्या दिवशी, २२ किमीच्या आसपास आणि मध्ये ५,६३० मीटरचा डोलमा. तिथे घड्याळ बीजिंगचं चालतं, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, त्यामुळे सकाळी सहाला निघायचं म्हणजे आपले साडेतीन, मिट्ट काळोख, हेडटॉर्च हवाच. चढाला दम लागतो, दहा पावलं टाकली की थांबायचं, पण चढाबद्दल सगळेच सांगतात आणि चढाला घोडा असतो.

वर पोचलो तेव्हा पताकांच्या दोऱ्यांमध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती आणि वारा असा की बोललेलं ऐकू येत नव्हतं. हात जोडले, रडू आलं, दोघींनाही. गाईड दहा मिनिटांत हलवतो आणि ते बरोबरच आहे, त्या उंचीवर रेंगाळायचं नसतं. वहिनींचा घोडेवाला तर आधीच खिंडीच्या खाली त्यांना उतरवून घोडा घेऊन पुढे गेला होता, बोटाने फक्त खालची दिशा दाखवली त्याने.

मग उतार. सुरुवातीला बर्फ, वरून विरघळलेला आणि खाली टणक, त्यानंतर सुटे दगड आणि मग गुडघाभर उंचीचे मोठे धोंडे, एकावरून दुसऱ्यावर पाय टाकत जायचं. उजवीकडे खोल खाली गौरीकुंडाचं तळं दिसतं, आम्ही गेलो तेव्हा जवळजवळ सगळं गोठलेलं, फक्त कडेला हिरव्या पाण्याची एक पट्टी. तिथपर्यंत उतरायचा विचारही करू नका, पोर्टर बाटलीत पाणी आणून देतात. अर्ध्या तासात वहिनींचा डावा गुडघा वळेना. त्या बसून बसून उतरायला लागल्या. मला म्हणाल्या, तू हो पुढे, मी येते सावकाश. मी ओरडले त्यांच्यावर, लग्न होऊन त्या घरात आल्यापासून मी कधी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता.

वहिनींना ज्या पोर्टर मुलीने उतरवलं ती विशीची असेल, ना हिंदी ना इंग्रजी. एका हाताने त्यांचं मनगट घट्ट धरायची आणि प्रत्येक धोंड्यावर आधी स्वतःचा बूट आडवा लावायची, मग वहिनींचा पाय त्या बुटाला टेकवून खाली घ्यायची, म्हणजे घसरायला जागाच नाही. असं अडीच तास. बूट पुढून पार खरवडला होता तिचा. खाली चहाच्या तंबूपाशी पोचल्यावर वहिनींनी गळ्यातला स्कार्फ काढून तिच्या गळ्यात घातला. घोडा तिथे उभा होता. पुढे झुटुलपुकपर्यंत, म्हणजे दुसऱ्या रात्रीच्या मुक्कामापर्यंत, सपाट आहे, पण लांबच लांब, आणि वारा तोंडावर.

म्हणून माझं स्पष्ट मत, घोडा नाही घेतला तरी चालेल, पोर्टर घ्याच. दोन्ही वेगळे असतात, दोघांचे पैसे वेगळे, आणि हेही आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. एजंटने घोड्याचा जो आकडा सांगितला होता त्याच्या जवळजवळ दुप्पट लागले. चिठ्ठी टाकून घोडा आणि माणूस ठरवतात, निवडता येत नाही, घासाघीस चालत नाही, रोख युआन मोजायचे, आणि दिरापुकवरून परत फिरलात तरी पैसे परत मिळत नाहीत. युआन काठमांडूतच जास्तीचे करून घ्या, आम्हाला ग्रुपमधल्या एका नाशिकच्या काकांकडून उसने घ्यावे लागले.

पौर्णिमेच्या बॅचचे जास्त पैसे घेतात ते देऊ नका. आम्ही दिले, त्या रात्री मानसरोवरावर ढग होते आणि डॉर्मिटरीत गर्दीमुळे झोपायला जागा नाही. तळं मात्र सकाळी बघितलं तेव्हा सगळा शीण गेला, निळा रंग दर पंधरा मिनिटांनी बदलतो, मी तीन तास नुसती बसून होते. आत उतरून डुबकी घ्यायला आता मनाई आहे, बादलीने पाणी काढून आंघोळ करायची, घरून त्या तयारीने जा.

उंचीचं म्हणाल तर नेपाळची सीमा ओलांडल्यावर तिबेटमधलं केरुंग २,८०० मीटर आणि तिथून एका दिवसात गाडी सागा गावाला नेते, साडेचार हजारांच्या आसपास. निम्मा ग्रुप तिथेच आजारी पडला. केरुंगला दोन रात्री मुक्काम असेल तरच ती टूर घ्या. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी डॉक्टरांना विचारून, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. ऑक्सिजनचे छोटे कॅन म्हणजे पैसे पाण्यात, काही मिनिटांत संपतात. सरकारी यात्रेत दिल्लीला मेडिकल होते, बीएमआय २५ च्या वर गेला की नाव कापतात. आमच्या टूरमध्ये कोणी साधं बीपी बघितलं नाही. म्हणजे आपली तपासणी आपणच करायची.

आणि रस्ता कोणता ते निघायच्या आठवड्यात परत विचारा. आम्ही परत आलो आणि ८ जुलैला नेपाळ-तिबेट सीमेवरचा रसुवागढीचा पूल पुरात वाहून गेला.

ज्यांचे गुडघे अधू आहेत त्यांनी दिरापुकपर्यंतच जावं, हे मी मनापासून सांगतेय. कैलासाचं उत्तर मुख तिथे समोर उभं असतं, संध्याकाळी ढग बाजूला झाले आणि अख्खी भिंत उजळली, जेवण सोडून सगळे बाहेर. पूर्ण परिक्रमेत इतक्या जवळून दर्शन परत झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने पायथ्याच्या दारचेन गावाला परत येता येतं आणि त्या वाटेवर घोडा जाता येता दोन्हीकडे चालतो.

वहिनींना आता ओळखीतल्या लोकांचे फोन येतात, जाऊ का म्हणून. दम लागतो का, वय किती, हे त्या विचारतच नाहीत. पाठीला पाच किलोची सॅक लावून कठडा न धरता चार मजले दहा वेळा उतरून बघा, मग फोन करा, एवढंच सांगतात.