हात लावू नये

लहान मुलांना घेऊन बोटॅनिकल गार्डनला जायचं तर एक गोष्ट आधीच मान्य करून टाकावी, आपण जे बघायला आलोय ते बघून होणार नाही. गेटजवळच्या नकाशावर औषधी वनस्पती, निवडुंग, नेचे, बांबू, कमळतळं असं सगळं ओळीने दिसतं, आपल्याला वाटतं आरामात होईल फिरून, आणि मुलं नकाशापासून वीस पावलांवर बसकण मारतात कारण तिथे मुंग्यांची रांग चाललेली असते. मुंग्या आपल्या दारातही असतात हो, पण कोणाला सांगणार.

खरी पंचाईत पाट्यांची. जिकडे तिकडे "हात लावू नये", आणि धाकटा अशा वयाचा की हात लावल्याशिवाय त्याला वस्तू दिसतच नाही. पण हे दुखणं जुनंच आहे म्हणा. इटलीत पादुआला 1545 साली विद्यापीठाने औषधी झाडं शिकवायला बाग काढली, ती आजही त्याच जागेवर आहे, आणि तिच्याभोवती लवकरच गोल भिंत बांधावी लागली कारण लोक रात्री येऊन झाडं पळवायचे. ती मंडळी चार वर्षांची नसणार एवढं नक्की.

त्यामुळे आमची सुरुवात लाजाळूपासून, कारण ते अमेरिकेतून येऊन जगभर माजलेलं तण आहे आणि त्याला बोट लावलं म्हणून माळीही ओरडत नाही. थोरलीने अगदी टोकाच्या पर्णिकेला करंगळी टेकवली, तर जोड्या एकामागून एक मिटत देठाकडे आल्या, जरा थांबल्यासारखं झालं, आणि मग अख्खा देठच खाली पडला. "मेलं?" धाकटा. नाही रे बाबा, देठाच्या बुडाशी फुगीर गाठ असते, तिच्यातल्या पेशी पाण्याने टच्च भरलेल्या असतात, धक्का लागला की एका बाजूचं पाणी पटकन बाहेर जातं आणि पान ढिलं पडतं, पाणी परत भरलं की उघडतं. यावर त्याचा विश्वास बसला नाही, म्हणून आम्ही सगळे ते पान उघडेपर्यंत तिथेच उकिडवे. दहा-पंधरा मिनिटं लागतात. निवडुंग तिथेच गेले.

काचघरात मात्र उलटा मामला. आत शिरताच चष्म्यावर वाफ, आणि एका कुंडीत व्हीनस फ्लायट्रॅप, म्हणजे पानात किडे पकडून खाणारं झाड. त्याच्या पानाच्या आत बारीक केस असतात, एकदा धक्का लागला तर पान ढिम्म, पण साधारण वीस सेकंदांच्या आत दुसरा लागला तरच मिटतं, म्हणजे पावसाचा थेंब पडला म्हणून तोंड मिटायला नको. उगाच बोट घालून मिटवलं तर त्याची मेहनत फुकट, आणि एक पान आयुष्यात मोजक्याच वेळा मिटू शकतं. एवढं सांगितलं आणि थोरलीने हात आपणहून पाठीमागे बांधले. पाटीने जे होत नाही ते कारण सांगून होतं असं माझं मत आहे, पाटीवर ते एक वाक्य जास्तीचं लिहायला काय हरकत आहे कळत नाही. नंतर एक काका बोट पुढे करत आले तर त्यांना आमच्या थोरल्या बाईंनी असं काही दटावलं की मला ओशाळं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

कमळतळ्यातलं व्हिक्टोरिया नावाच्या महाकाय पाणकमळाचं पान बघून साहजिक प्रश्न आला, मी बसू का यावर? इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थला जोसेफ पॅक्स्टन नावाच्या मुख्य माळ्याने 1849 मध्ये आपल्या छोट्या मुलीला या पानावर खरंच उभं केलं होतं, पानाखाली जाड शिरांची जाळी असते ती वजन पेलते. हे मी सांगायला नको होतं असं बायकोचं म्हणणं. शेवटी खालच्या बाजूचे काटे दाखवल्यावर बेत रद्द झाला.

परतीच्या वाटेवर सायकॅड होते, म्हणजे ताडासारखी दिसणारी फार जुन्या वंशाची झाडं, त्यातल्या वुडी नावाच्या जातीची गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगितली. दक्षिण आफ्रिकेच्या जंगलात 1895 मध्ये त्याचं एकच झाड सापडलं, नर, आणि सायकॅडमध्ये नर-मादी झाडं वेगळी, त्यामुळे आज जगातल्या बागांत जेवढे वुडी आहेत ते सगळे त्या एकाच झाडाच्या फुटव्यांपासून वाढवलेले, सगळे नर, बी धरणार कुठून. थोरली गप्प झाली. धाकट्याने विचारलं, मग कोणी शोधत नाही का तिला? शोधतात की, शास्त्रज्ञांनी त्या जंगलावर ड्रोन उडवून फोटो काढलेत, अजून मिळाली नाही.

"ड्रोन केवढा होता?"

झालं. गाडीत बसेपर्यंत ड्रोन.