सॉगस: वरून खाली बघायचा लोखंडाचा कारखाना

अमेरिकेतल्या बॉस्टनच्या ईशान्येला साधारण १० मैलांवर, सॉगस नदीच्या काठी, १६४६ मध्ये लोखंड गाळणं सुरू झालं. आज तिथे पुन्हा उभारलेला तो कारखाना बघता येतो. त्याआधी धाकट्या जॉन विन्थ्रॉपने ब्रेनट्रीला घातलेली भट्टी चालली नाही, कारण तिथे खनिजही कमी आणि पाण्याचा जोरही. त्याच्यानंतर आलेला व्यवस्थापक रिचर्ड लीडर याने सॉगस निवडलं ते इथला उतार बघून. म्हणून बघायला सुरुवात वरून करा. खाली धक्क्याकडे आधी गेलात तर सगळा क्रम उलटा लागतो.

वरच्या अंगाला भट्टीच्या तोंडापर्यंत गेलेला लाकडी पूल आहे. त्यावरून टोपल्यांनी तीन गोष्टी आत पडत: लोणारी कोळसा, दलदलीतून खणलेलं लोहखनिज आणि गॅब्रो नावाचा दगड. मळी, म्हणजे खनिजातला वितळलेला गाळ, पातळ करायला एरवी चुनखडी घालतात. ती जवळपास नव्हती, म्हणून समुद्रकाठच्या नाहान्टहून गॅब्रो आणला. ही युक्ती मला या कारखान्यातली सर्वांत मोलाची वाटते.

पुलावरून उतरून भात्यांपाशी या. पाणचक्कीवर चालणारे दोन भाते आळीपाळीने फुंकतात, म्हणजे वारा तुटत नाही. तो तुटणं हाच खरा धोका. भट्टी एकदा पेटवली की महिनोन् महिने रात्रंदिवस चालवायची. ती थंडावली तर लोखंड आणि मळी तळाशी गोठून एकच धोंडा होतो आणि चूल फोडून तो काढावा लागतो. पुढे वाळूत पाडलेले चर दिसतील, त्यांत रस ओतत. वाळू ओली राहिली तर वाफ होऊन वितळलेलं लोखंड उडतं.

इथे निघतं ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड. त्यात ३ ते ४ टक्के कार्बन असतो. भांडी ओतायला ते उत्तम, पण घणाखाली तडकतं. शेजारच्या भट्टीशाळेत ते हवेच्या झोतात पुन्हा वितळवून कार्बन जाळत आणि ५०० पौंडांच्या पाणघणाखाली ठोकून मळी पिळून काढत. इथे घाई करू नका, सगळं कसब इथलंच आहे. एक अडचण मात्र घणानेही सुटत नाही. दलदलीच्या खनिजात बहुधा फॉस्फरस असतो, तो भट्टीत जवळजवळ सगळा लोखंडात उतरतो आणि असं लोखंड थंड असताना ठिसूळ राहतं.

पुढची गिरणी लोखंडाच्या चपट्या पट्ट्या लाटते आणि त्या चिरून खिळ्यांसाठी कांबी काढते. त्या काळी अशा गिरण्या जगात मोजक्याच होत्या. चाकं फिरवून दाखवतात ती वेळ आधी विचारून ठेवा, फिरतं चाक बघितल्याशिवाय गिरणी कळत नाही. इमारती हंगामातच उघडतात, प्रवेश मोफत आहे.

कामगारांत १६५० मध्ये स्कॉटलंडमधल्या डनबारच्या लढाईत इंग्रजांनी पकडलेले स्कॉटिश कैदीही होते. मजुरी, कोळसा आणि कोर्टकज्जे यांचा भार वाढत गेला आणि १६७० च्या सुमारास काम थांबलं.

आज दिसणाऱ्या भट्टी-गिरण्या १९४८ ते १९५३ च्या उत्खननानंतर पुन्हा बांधलेल्या आहेत. नदीकाठचा मळीचा ढीग मात्र अस्सल. काचेसारखा फिकट तुकडा म्हणजे त्या दिवशी भट्टी नीट चालली होती. काळा, जड तुकडा म्हणजे लोखंड मळीतच वाया गेलं. तुकडे जागेवरच बघा, उचलायला कायद्याने बंदी आहे.