फोटोत मी नको

दिवाळीला ऑफिसात चकल्यांचा डबा नेला होता. फराळ आटोपल्यावर सगळ्यांचा एक फोटो काढू म्हटलं, तर समोरच्या टेबलावरची माझी हाँगकाँगची मैत्रीण लगेच उठली. "आण तुझा फोन, मी काढते." दर वेळी फोटो तीच काढते, हे लक्षात यायला मला दोन वर्षं लागली. विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "आई तिकडे आहे." मोर्चाला जाते तीही मास्क लावून. आईशी फोनवर बोलते ते जेवलीस का, पाऊस आहे का, इतकंच.

हाँगकाँग पोलिसांनी जुलै २०२३मध्ये परदेशात राहून लोकशाहीसाठी बोलणाऱ्या आठ जणांवर प्रत्येकी दहा लाख हाँगकाँग डॉलरचं इनाम लावलं. आपले कोटीभर रुपये. डिसेंबर २०२४च्या इनामाच्या यादीत कार्मेन लाऊ आली. ती तिथली माजी जिल्हा नगरसेविका. आता ती इंग्लंडमध्ये असते. तिच्या लंडनजवळच्या मेडनहेड गावातल्या शेजाऱ्यांना टपालाने पत्रं आली. तिचा फोटो, इनामाची रक्कम, आणि माहिती द्या किंवा तिला चिनी दूतावासात घेऊन या, असा मजकूर. मेडनहेड आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर आहे.

मला त्या पत्राचा धाक बंदुकीहून मोठा वाटतो. आमच्या घराची जादा किल्ली शेजारच्या आजोबांकडे असते. आम्ही नसताना पार्सलं तेच घेतात. उद्या त्यांच्या दारात माझ्या फोटोचं असं पाकीट पडलं, तर ते काहीच करणार नाहीत, याची मला खात्री आहे. पण सकाळी कुंपणापलीकडून त्यांनी हात केला की माझ्या मनात काय येईल?

आणि इथल्या ब्रिटिश पोलिसांनी काय केलं? जोखीम वाढेल असं काही करू नका, सार्वजनिक कार्यक्रमांना जाणं टाळा, अशा कागदावर तिला सही करायला सांगितलं. म्हणजे पत्र पाठवणाऱ्याला जे हवं होतं, तेच.

ब्रिटनमध्ये कायदा नाही असं नाही. २०२३च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात परकीय हस्तक्षेप हा गुन्हा आहे, चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण जुलै २०२५मध्ये संसदेच्या मानवाधिकार समितीने अहवाल दिला, त्यात मागणी आहे ती परक्या सरकारांकडून होणाऱ्या या छळाची नेमकी व्याख्या करा, पोलिसांना प्रशिक्षण द्या, तक्रारीसाठी एक फोन लाइन ठेवा, अशी. समितीपुढे ज्या देशांबद्दल पुरावे आले, त्यांत भारताचंही नाव आहे. आपल्या परराष्ट्र खात्याने ते निराधार म्हणून फेटाळलं. वाचताना पोटात कालवलं. तरीही हा कायदा सगळ्यांना सारखा लागू व्हावा, आपला देश असला तरी, असंच मला वाटतं.

मागे सासऱ्यांना हायगेटला क्रॉमवेल अव्हेन्यूवर नेलं होतं. ६५ नंबरचं घर, म्हणजे इंडिया हाउस. सावरकरांच्या नावाची निळी पाटी आहे. स्कॉटलंड यार्डचे हेर याच घरावर नजर ठेवून असत. श्यामजी कृष्णवर्मा १९०७मध्ये इथून पॅरिसला निघून गेले. मार्सेलिसची उडी आपण सगळे शाळेत शिकलो, पण सासरे पाटीखाली उभे राहून बोलत होते ते उडीनंतरच्या काही मिनिटांबद्दल. ८ जुलै १९१०. फ्रेंच भूमीवर पाय लागलेला माणूस तिथल्याच एका पोलिसाने धरून ब्रिटिशांच्या हवाली केला. पुढे १९११मध्ये हेगच्या लवादाने मान्य केलं की हे रीतसर झालं नाही, पण ब्रिटनने त्यांना परत द्यायला नको. किनाऱ्यावरच्या त्या एका पोलिसाच्या हातात सगळं होतं.

म्हणून मला समितीची पोलिसांच्या प्रशिक्षणाची मागणी सगळ्यांत महत्त्वाची वाटते. चौकीत रात्री अकरा वाजता एखादी मुलगी ते पाकीट घेऊन आली, तर टेबलापलीकडच्या माणसाला हे काय आहे ते कळलं पाहिजे. त्याने तिला घरात बसायला सांगता कामा नये.

हेच मी आमच्या खासदारांना लिहिलंय. पाठवण्याआधी मैत्रिणीला वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं, आणि ती कोणत्या विभागात काम करते ते वाक्य काढशील का, म्हणाली. मी काढलं.