परत येणार ना?

आईचा जन्म १ जूनचा. म्हणजे कागदावर. तिच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकून दिलेली. खरा जन्म 'बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी, तांबडी गाय व्याली तेव्हा'. पण व्हिसाच्या अर्जात गाय लिहायला रकाना नाही.

तिला बर्फ बघायचा होता. जानेवारीत स्वित्झर्लंडला जायचं ठरलं आणि मी शेंगेन व्हिसाच्या कागदांमागे लागले. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक गाव. १९८५ साली तिथे, नदीतल्या बोटीवर, पाच देशांनी करार केला. आता २९ देश त्या एका व्हिसावर फिरता येतात. "बोटीवर कशाला? गावात चावडी नव्हती?" आईने विचारलं.

कागदांची यादी मी फ्रीजवर चिकटवली. परतीच्या तारखेपुढे किमान तीन महिने चालणारा पासपोर्ट, त्यात दोन कोरी पानं, ३०,००० युरोंचा प्रवास विमा, बँकेचं स्टेटमेंट, आयटीआर, हॉटेलची बुकिंगं. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. स्टुडिओवाला आईला म्हणाला, "काकू, हसू नका." त्यावर तिला हसूच आवरेना. पाचव्या प्रयत्नात जो फोटो आला, त्यात ती भाजीवाल्याशी भांडायच्या बेतात असल्यासारखी दिसते. तोच लागला.

फी ९० युरो, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. "ते पैसे परत देणार नाहीत आणि आपण मात्र परत यायचं?" आई म्हणाली. खरं तर तिने मुद्द्यावरच बोट ठेवलं होतं. या साऱ्या भेंडोळ्यामागे प्रश्न एकच: बाई, तुम्ही परत येणार ना? नोकरी असेल तर रजेचं पत्र दाखवा, नसेल तर मागे काय ठेवून जाताय ते दाखवा. मला ऑफिसचं पत्र मिळालं. आईने कधी कुणाकडे रजा मागितलेली नाही, तिला ती कुणी दिलेलीही नाही.

तिने कपाटातून सातबारा काढला. सव्वा एकर, नावं चार. इतर हक्कांच्या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा. मी म्हटलं, "अगं, कर्ज दिसतंय यात, कशाला लावायचं?" तर म्हणाली, "उलट तेच वर ठेव. कर्ज बुडवून पळाले तर गावात तोंड दाखवता येईल का? हप्ता ३१ मार्चला आहे." मी त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. माणूस मायदेशाला बांधलेला आहे याचा असा पुरावा त्या फायलीत दुसरा नव्हता.

मुंबईच्या केंद्रावर जाताना लोणावळ्यापासून ती उत्तराची तयारी करत होती. खिडकीवर बोटांचे ठसे घ्यायचे होते. डाव्या हाताचे आले, उजव्याचे काही उमटेनात. चाळीस वर्षं भाकरी थापून आणि राखेने भांडी घासून तिथल्या रेषाच झिजल्यात. काचेपलीकडच्या मुलीने ओला टिश्यू दिला, मग स्वतःच उठून आली आणि आईचं एकेक बोट हाताने दाबून धरलं. हे ठसे पाच वर्षं जपून ठेवतात म्हणे. जमिनीच्या जुन्या कागदांवरच्या आजीच्या अंगठ्यापेक्षा बरेच कमी.

मग पावती मिळाली. झालं. कुणी काही विचारलंच नाही.

आई जागची हलेना. शेवटी ती काचेच्या भोकापाशी वाकली आणि म्हणाली, "आम्ही येणार हं परत. फेब्रुवारीत हरभरा काढायचाय."

"हो काकू," मुलगी म्हणाली. "पुढचे या."