पहिली सेमी-ऑटो? .२२ च घ्या, बाकीचं नंतर बघू
पहिली सेमी-ऑटो (ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पुढची आपोआप भरली जाते) स्पोर्टिंग रायफल कुठली घेऊ असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं, .२२ एलआर (लाँग रायफल नावाची छोटी गोळी) वाली घे. मग समोरचा जरा हिरमुसतो, कारण त्याच्या डोक्यात काळी, रेल लावलेली, फोटोत भारी दिसणारी .२२३, म्हणजे जास्त जोराच्या गोळीची रायफल असते. असू दे, पण पहिल्या रायफलवर नेम शिकायचा असतो आणि तो भरपूर गोळ्या झाडल्याशिवाय येत नाही. .२२ ची गोळी सगळ्यात स्वस्त, धक्का जवळजवळ नाहीच, आवाज कमी, त्यामुळे ट्रिगर दाबताना डोळे मिटायची सवय लागत नाही. ती एकदा लागली की जाता जात नाही बघा.

त्याआधी कायदा. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानंतर सेमी-ऑटो रायफल म्हटलं की साधारण रिमफायर (गोळीच्या बुडाच्या कडेवर ठोकून पेटणारी) .२२ च उरते, ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये आणि न्यूझीलंडने २०१९ मध्ये नियम कडक केले. आपण राहतो तिथे काय चालतं ते लायसन्सवाल्या ऑफिसातूनच विचारून घ्या, व्हिडिओ बघून नको.

आता मॉडेल. रूगर १०/२२ ही १९६४ पासून चालत आलेली, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझीन, आणि सुटे पार्ट इतके मिळतात की अख्खी रायफल बदलून टाकता येते. मार्लिन मॉडेल ६० पण जुनी आणि नेमाला चांगली, फक्त तिच्यात गोळ्या बॅरलखालच्या नळीत भरायच्या, म्हणजे रिकामी करताना जास्त लक्ष द्यावं लागतं. नवशिक्याला मी सुटं मॅगझीनवालीच सांगतो. मॅगझीन आधी काढायचं, मग बोल्ट (बॅरलचं मागचं तोंड बंद करणारा, मागेपुढे सरकणारा धातूचा ठोकळा) ओढायचा, मग चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला गोळी बसते तिथे) डोळ्याने बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं, ह्याच क्रमाने. उलटं केलंत तर बोल्ट ओढल्यावर एक गोळी बाहेर पडते आणि मॅगझीनमधली दुसरी आपोआप आत जाऊन बसते, आणि तुम्ही म्हणता झाली रिकामी! त्यात १०/२२ चा बोल्ट शेवटच्या गोळीनंतर मागे अडकून राहत नाही, त्यामुळे नुसतं बाहेरून बघून काही कळत नाही.

दुकानात गेल्यावर रंगरूप सोडा, रायफल अंगाला बसते का ते बघा. रिकामी असल्याची खात्री करून दस्त्याचा मागचा भाग कोपराच्या आतल्या घडीत टेकवा, बोटाचं पेर ट्रिगरवर सहज पोचलं पाहिजे. मग डोळे मिटून खांद्याला लावा, गाल दस्त्यावर ठेवा आणि डोळे उघडा. साइट समोर दिसली तर छान, मान लांब करावी लागली तर दुसरी बघा. डावखुऱ्यांनी पुंगळी (झाडलेल्या गोळीचं रिकामं कवच) कुठल्या बाजूने उडते तेपण बघावं, बहुतेक रायफलींची उजवीकडे म्हणजे त्यांच्या तोंडासमोरून जाते.

गोळ्यांचं मात्र खरंच लक्षात ठेवा. .२२ सेमी-ऑटो बहुतेक ब्लोबॅकवर चालतात, म्हणजे गोळी सुटली की गॅसचा दाब पुंगळीला मागे ढकलतो आणि पुंगळी बोल्टला, अडवायला फक्त बोल्टचं वजन आणि स्प्रिंग. गोळीत जोर कमी असला की बोल्ट पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकते. लोक रायफलला शिव्या घालतात, दोष बऱ्याचदा गोळीचा असतो. म्हणून चार-पाच ब्रँडचे छोटे बॉक्स घ्या, ५० मीटरवर टेकू लावून प्रत्येकाचा ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) काढा, जी अडकत नाही आणि जिची भोकं एकमेकांच्या जवळ पडतात ती तुमच्या रायफलची गोळी. मित्राच्या सेम मॉडेलला कदाचित दुसरीच आवडेल. आणि ट्रिगर दाबला पण गोळी सुटली नाही तर लगेच बोल्ट ओढू नका, बॅरल टार्गेटकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा, कधीकधी ती उशिरा सुटते.

एवढं सगळं ऐकूनही कोणाला .२२३ च हवी असेल तर बॅरलवर काय कोरलंय ते वाचा. ५.५६ (जवळजवळ त्याच मापाची सैन्यातली गोळी) च्या चेंबरमध्ये .२२३ चालते, पण फक्त .२२३ लिहिलेल्यात ५.५६ घालू नका, दाब जास्त होतो.

स्कोप, बायपॉड, नवा ट्रिगर वगैरे आत्ता काही नको. त्या पैशाच्या गोळ्या आणि कानाला-डोळ्याला चांगलं प्रोटेक्शन घ्या, आणि साफ करायला दोरीवाला ब्रश, कारण १०/२२ सारख्यांना रॉड बॅरलच्या तोंडाकडून घालावा लागतो आणि तिथली कड घासली की नेम गेलाच.