सगळ्यांचे वीस

शुक्रवार, रात्रीचे साडेदहा.

लाईट आत्ता आली. नऊला गेली होती, तेव्हापासून मोबाईलच्या टॉर्चवर ॲनाटॉमीची आकृती काढून राहिली होती मी, हाताची हाडं, आणि आता उजेडात पाहते तं मनगटात आठ हाडं पाहिजे तिथं नऊ झालीत. एक कुठून आलं देव जाणे. खोडरबर सापडत नाहीये, म्हणून ही वही काढली.

जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सला, लागून दोन महिने झाले. तीन वर्षांचा कोर्स आहे. माझं वय २४, वर्गात सगळ्यात मोठी मीच, बाकीच्या पोरी यंदाच बारावी झालेल्या, त्या मला ताई म्हणतात आणि माझ्या डब्यातली आंबाडीची भाजी मला मिळायच्या आत संपवतात. वयाची अट ३५ पर्यंत आहे आणि बारावी आर्ट्सवालीलाही घेतात हे चार वर्षांआधी कोणी सांगितलं असतं तं... जाऊ द्या. कोणी सांगितलं नाही अन मीही विचारलं नाही.

आठवडा असा जातो. मंगळवार, गुरुवार, शनिवार नाईट, रात्री आठ ते सकाळी आठ, यवतमाळच्या एका दवाखान्यात. तिथंच आंघोळ, तिथंच युनिफॉर्म चढवायचा आणि नऊला कॉलेजात बसायचं. बाकी दिवशी कॉलेज सुटलं की बस पकडून कळंब, तिथून ऑटोनं गाव. रविवारी वावर. थिअरीला ८० टक्के हजेरी लागते आणि प्रॅक्टिकलची तं पूर्ण शंभर टक्के भरून द्यावी लागते, म्हणजे दांडी मारली तरी ती कधीतरी फेडायचीच आहे, सावकारासारखं. परवा बसमध्ये अशी झोपली की कळंब गेलं, कंडक्टरनं उठवलं तेव्हा देवळी आलं होतं. दुसऱ्या जिल्ह्यात! बायकांना अर्धं तिकीट आहे २०२३ पासून, पण झोपून जास्तीचं गेलेलं आणि परत आलेलं धरलं तं त्या दिवशी पूर्ण तिकिटापेक्षाही जास्तच गेले.

कापूस निघून राहिला सध्या. सीतादहीच्या, म्हणजे वेचाई सुरू करायच्या पूजेच्या, दिवशी मी कॉलेजात होती, आईनं एकटीनंच दहीभात दाखवला. वेचाईला मजूर मिळत नाहीत, मिळाले तं किलोमागे मागतात ते ऐकून बाबा गप्पच बसतात, म्हणून रविवारी मीही जाते. पऱ्हाटीच्या सुकलेल्या बोंडाची टोकं किती बारीक असतात हे ज्यानं वेचलं त्यालाच माहीत. नखांच्या कडेची चामडी फाटते, आणि सोमवारी आमचं हँडवॉशिंगचं प्रॅक्टिकल! साबण लावून ४० ते ६० सेकंद, तळहात, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं. अशी आग होत होती की डोळ्यात पाणी. मॅडमनं हात उलटून पाहिले, म्हटल्या हे काय. मी म्हटली कापूस. मॅडम वाशिमकडच्या, पुढचं काही सांगावं लागलं नाही. रात्री खोबरेल लाव म्हटल्या, आणि अशा फाटल्या बोटांनी कोणाच्या जखमेला ग्लोव्हशिवाय हात लावू नको, त्याच्यासाठी पण अन तुझ्यासाठी पण.

इंग्रजीचं काय सांगू. पुस्तकं सगळी इंग्रजीत. प्रॉक्सिमल आणि डिस्टल यांचा एक आठवडा घोळ चालला, मग वावरातच सुटला तो. पऱ्हाटीची फांदी धरली, खोडाजवळचं ते प्रॉक्सिमल, शेंड्याकडचं ते डिस्टल. म्हणजे कोपर मनगटापेक्षा प्रॉक्सिमल. बाजूच्या तासात वेचणाऱ्या काकू म्हणे, "एकटीच काय बोलून राह्यली वं?"

पण आज लिहायचं होतं ते वेगळंच आहे.

मी या दवाखान्यात चार वर्षं आहे. पहिल्याच दिवशी पांढरा कोट मिळाला आणि त्या दिवसापासून लोक मला सिस्टर म्हणतात. शिकवलं जुन्या सिस्टरनं, तिला तिच्या आधीच्या सिस्टरनं, आणि दोघीही माझ्यासारख्याच, कोट असलेल्या पण कागद नसलेल्या. सलाईन लावणं, बीपी, इंजेक्शन, सगळं हाताला बसलंय. खोटं कशाला बोलू, माझा हात चांगला आहे, लहान पोरांची शीर मला एका टोच्यात सापडते. म्हणून कॉलेजात पहिले पंधरा दिवस मला वाटे की हे आपल्याला येतं सगळं, फक्त नावं पाठ करायची.

मग टीपीआर आलं. टेम्परेचर, पल्स, रेस्पिरेशन. चार्टवर तीन खाने. पहिला थर्मामीटर सांगतो, दुसरा नाडी. तिसऱ्यात आम्ही काय लिहायचो माहीत आहे? वीस. सगळ्यांचे वीस. म्हाताऱ्याचे वीस, बाळंतिणीचे वीस, ऑपरेशन झालेल्याचे वीस, दम लागलेल्याचेही मला वाटते वीसच लिहिले असतील. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो, म्हणजे वीस हा आकडा कोणाच्या डोळ्यात खुपत नाही, राऊंडला डॉक्टरही विचारत नाहीत. चार वर्षांत मी एकाचाही श्वास मोजला नाही. एकाचाही नाही! आणि वर्गात मॅडम सांगून राहिल्या की पेशंट बिघडायला लागला की पुष्कळदा बीपी पडायच्या आधी श्वास वाढतो, तोच पहिला इशारा असतो, आणि मी मागच्या बाकावर बसून आठवत होती कोणाकोणाचे वीस लिहिले. काही चेहरे आठवले. ते इथं लिहीत नाही.

मोजायची रीत पण मजेदार आहे. माणसाला सांगून श्वास मोजता येत नाही, सांगितलं की तो बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नाडीच पाहून राहिलो असं दाखवायचं आणि नजर हळूच छातीवर न्यायची, वर गेली खाली आली की एक. पूर्ण मिनिट.

हे घरी आईला सांगितलं तं ती हसली. आई आशा वर्कर आहे, म्हणजे घरोघरी जाऊन आरोग्याचं पाहणारी आमच्या गावचीच बाई, ती योजना २००५ ला सुरू झाली, तिला लागूनही आता पुष्कळ वर्षं झाली. दवाखान्यातून बाळ घरी आलं की तिच्या सहा भेटी असतात, तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. बाळंतपण घरीच झालं तं पहिल्या दिवसाची एक वाढते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी बाळं तपासायचं जे काम उभं केलं, त्याच वळणाचं हे. आईचं शिक्षण दहावी. पण श्वास मोजताना ती बाळाचं दुपटं वर सारते, घड्याळ समोर ठेवते आणि घरातल्या सगळ्यांना गप्प करते, सासूला सुद्धा. ६० किंवा वर आले तं परत मोजते, आणि परत तेवढेच आले तं गाडी बोलावते. म्हणे, "पोरी, मी दहावी शिकली तरी मोजतो. तू तं सिस्टर होती ना?"

होती, असं म्हटली ती. मला दोन घास कमीच गेले त्या रात्री.

नाइटिंगेलबाईंचंही मॅडमनं सांगितलं, आपण दिवा घेतलेली बाई म्हणून ओळखतो पण त्या आकड्यांच्या पक्क्या होत्या, क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगानं जास्त सैनिक मेले हे त्यांनी आकडे मांडून दाखवलं. दिव्यापेक्षा मला हे आवडलं. आमचा लॅम्प लायटिंगचा, म्हणजे दिवे लावून शपथ घ्यायचा, कार्यक्रम व्हायचा आहे अजून, पोरी आतापासूनच साडी की युनिफॉर्म यावर भांडून राहिल्या.

तं कालची नाईट. अकरा पेशंट होते मजल्यावर. आधी पंधरा मिनिटांत सगळ्यांचं टीपीआर उरकून मी मोकळी व्हायची, आता एकेकाला दीड-दोन मिनिटं धरून बसावं लागतं आणि मधात कोणाचं सलाईन संपतं, कोणाला पाणी पाहिजे. आज सोशिऑलॉजीची टेस्ट होती, पुस्तक टेबलावर उघडंच राहिलं. इनचार्ज म्हणे, "रातभर काय श्वास मोजत बसते, वीस लिही अन अभ्यास कर, तुझ्याच भल्याचं सांगते." वाईट नाही ती, रोजचं जेवण अर्धं मला देते. आणि खरं सांगू तं तिचं बरोबरही आहे, कारण नर्सिंग नीट करायला गेली तं नर्सिंगचा अभ्यासच होत नाही, असं झालंय माझं. टेस्टमध्ये कुटुंबाचे प्रकार विचारले, मी दोन लिहिले आणि तिसऱ्याच्या जागी झोपली.

सात नंबरला एक आजोबा आहेत, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी भरती. दहाच्या राऊंडला मनगट धरलं, नाडी झाली, छातीकडे पाहते तं २८. पोटात धस्स झालं. डॉक्टरांना फोन लावू का, लावला आणि काहीच नसलं तं? परत मोजायचं ठरवलं. तेवढ्यात आजोबा म्हणे, "कायले वं एवढा वेळ हात धरून बसली, मी काय मरून राह्यलो का?" तोंडाला बिडीचा वास. खाली जाऊन बिडी ओढून दोन जिने चढून नुकतेच टेकले होते. दहा मिनिटांनी मोजले, १८ आले. चार्टवर १८ लिहिलं आणि बिडीचं इनचार्जला सांगितलं, भूल द्यायची आहे त्यांना उद्या-परवा. आजोबा माझ्याशी बोलत नाहीयेत तेव्हापासून.

सकाळी सहाच्या राऊंडला सात नंबर रिकामा. वॉचमन म्हणे, चहाच्या टपरीवर बसले आहेत. मी दहा खाने भरले, त्यांचा सोडला, आले की भरू म्हटलं, आणि तेवढ्यात विंचू चावलेली एक बाई आली, तिच्यात आठ वाजले. निघताना आठवलं म्हणून पळत परत गेली, चार्ट काढला. सात नंबर, सहा वाजता. टेम्परेचर लिहिलेलं, नाडी लिहिलेली, तिसऱ्या खान्यात वीस.

आजोबा तेव्हाही टपरीवरच होते.