आमची वाटचाल : चट्टेरी पानांची बोगनवेल

कोल्हापुरात रोपवाटिका चालवायची म्हणजे गुलाब, मोगरा, जास्वंद, सोनचाफा ठेवावाच लागतो. आमची सुरुवातही याच रोपांवर झाली. रंगीत पानांसाठी क्रोटन, अकॅलिफा, पांढऱ्या कडेची तगर असायची. आज कळंब्याकडच्या आमच्या जागेत सर्वाधिक वाफे आहेत ते चट्टेरी पानांच्या बोगनवेलीचे. कारण सरळ आहे. हिरव्या पानांची बोगनवेल फुलावर असली तरच खपते आणि जून ते सप्टेंबर तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. पिवळसर, दुधी, हिरव्या चट्ट्यांचे पान असले की भर पावसातही गिऱ्हाईक रोपापाशी थांबते. फक्त हे पान टिकवणे हे रोप वाढवण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि आमच्या धंद्याची घडी त्या कामानेच बसवली.

मूळ दक्षिण अमेरिकेतली ही वेल १८६० मध्ये युरोपातून कलकत्त्याला आली. आपण ज्याला फूल म्हणतो ती खरे तर फुलाभोवतीची रंगीत पाने. तीन रंगीत पाने आणि आत तीन बारीक नळीसारखी फुले, असा एकेक झुबका. म्हणजे या झाडात शोभा सगळी पानांचीच आहे. एक पान फुलाभोवती, एक फांदीवर. चट्टेरी जातींत आमच्याकडे ‘थिम्मा’ सर्वांत जास्त जाते. तिच्या पानाच्या मधोमध पिवळा पट्टा आणि कडेला हिरवा, शिवाय एकाच झाडावर पांढरे आणि किरमिजी झुबके. ‘रास्पबेरी आइस’चे याच्या उलट, कड दुधी आणि मध्य हिरवा. ‘लॉस बानोस व्हेरिगाटा’ ही लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत गॅमा किरणांच्या प्रयोगातून मिळालेली जात. तिचे झुबके भरगच्च गुलाबी, पण कलम लागायला हट्टी. नव्या जातींची नावनोंदणी जगभरासाठी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे होते, याचा आम्हाला रोपवाले म्हणून अभिमान वाटतो.

पानावर चट्टे का पडतात हे नीट कळले की बाकीची निगा आपोआप सुचते. कोंबाच्या शेंड्यात पेशींचे थर असतात. त्यातल्या एखाद्या थरात हरितद्रव्य तयारच होत नाही, म्हणून पानाचा तेवढा भाग पिवळा किंवा पांढरा राहतो. अशा पानाला अन्न बनवायला जागा कमी, त्यामुळे झाड सावकाश वाढते. मध्येच एखादा फुटवा पूर्ण हिरवा निघतो. त्याच्यात दम जास्त, तो बघता बघता पुढे जातो आणि वर्षभरात कुंडीत साधी हिरवी बोगनवेल उरते. गिऱ्हाईक म्हणते, रोपवाल्याने दुसरेच झाड दिले. असा हिरवा फुटवा दिसला की तो जिथून निघाला तिथून, बुडाच्या सालीसकट काढायचा. अर्ध्यावर छाटला तर खालच्या डोळ्यांतून पुन्हा हिरवेच फुटते. याच्या उलट पूर्ण दुधी फुटवा दिसायला सुंदर, पण तो स्वतःचे अन्न बनवत नाही, बाकीच्या झाडावर जगतो. तोही काढावा. पावसाळ्यात आठवड्याला आणि एरवी महिन्याला एवढी एक नजर टाकली तरी पान टिकते.

म्हणून आमचा सगळा भर मातृवृक्षांवर, म्हणजे ज्यांच्या काड्या घेऊन नवी रोपे करतो त्या झाडांवर आहे. हे झाड विकायचे नसते, फुलावर आणायचेही नसते. त्याचे काम फक्त चांगल्या काड्या देण्याचे. ज्या फांदीवर शेंड्यापासून बुडापर्यंत चट्टे सारखे उतरले आहेत तिच्यावर सुतळी बांधून ठेवतो आणि काडी तिचीच घेतो. चट्टे डोळ्याबरोबर पुढे जातात. मुळापासून निघालेल्या धुमाऱ्याला मात्र ते सहसा नसतात, म्हणून तसली रोपे आम्ही घेत नाही.

काडी पेन्सिलीच्या जाडीची, ना कोवळी ना जून, सहा ते आठ इंच लांब, चार-पाच डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा, वरचा डोळ्याच्या अर्धा इंच वर सरळ. वरची दोन पाने ठेवून तीही निम्मी कापायची. खालचे टोक आयबीए या मुळे फुटवणाऱ्या संजीवकाच्या ३००० पीपीएम पावडरीत बुडवून, झटकून, धुतलेली वाळू आणि कोकोपीट निम्मे निम्मे भरलेल्या चार बाय सहा इंचांच्या पिशवीत दोन डोळे आत जातील असे लावतो. आधी खिळ्याने भोक पाडायचे, नाहीतर पावडर मातीलाच पुसून जाते. जूनचा पाऊस स्थिरावला की पुढचे दीड-दोन महिने हवेतला ओलावा चांगला साथ देतो. दुसरा हंगाम फेब्रुवारी-मार्चचा, पण तेव्हा पॉलिथिनच्या बोगद्यात ओल राखावी लागते.

इथे नवखे लोक एका गोष्टीत फसतात. दोन-तीन आठवड्यांत काडीला पालवी येते आणि रोप लागले असे वाटते. ती पालवी काडीतल्या साठवलेल्या अन्नावर आलेली असते, मुळे अजून नसतात. अशा वेळी पिशवी उन्हात काढली की दोन दिवसांत कोंब माना टाकतात. मुळे यायला सहा ते आठ आठवडे लागतात. पिशवीच्या खालच्या भोकांतून पांढरी मुळी डोकावली की मगच आम्ही रोप हलवतो. काडी बुडाशी काळी पडली तर पाणी जास्त झाले आणि मुळाजवळ हवा राहिली नाही. ती काढून टाकायची आणि शेजारच्यांना कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात ओतायचे.

हट्टी जातींना गुटी कलम, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळे आणणे, बरे. पाऊण इंच रुंदीची साल गोल काढून, तिथे आयबीए लावून, ओले मॉस (शेवाळ) गुंडाळून प्लास्टिक आवळून बांधायचे. दीड-दोन महिन्यांत मुळ्या आरपार दिसतात.

बोगनवेलीची मुळे बारीक आणि ठिसूळ असतात. पिशवीतून कुंडीत नेताना मातीचा गोळा फुटला की रोप महिनाभर मागे पडते. त्यामुळे आदल्या दिवशी पाणी, मग पिशवी ब्लेडने उभी चिरून गोळा अलगद उचलायचा. कुंडीसाठी आमचे मिश्रण असे: लाल माती चार घमेली, चांगले कुजलेले शेणखत दोन, जाड वाळू किंवा धुतलेली क्रश सँड दोन, निंबोळी पेंड दोन मुठी. आपल्याकडे साखर कारखान्यांचे प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, मुबलक मिळते. ते पूर्ण कुजलेले असेल तर शेणखताच्या जागी उत्तम. ताजे घातले तर कुजताना तापते आणि मुळे भाजते. पन्हाळा-राधानगरी बाजूच्या लाल मातीत हे झाड खुशीत असते. हातकणंगले, शिरोळच्या काळ्या जमिनीत मात्र फूटभर उंच वरंबा करूनच लावावे. तिथे चुनखडीमुळे लोह झाडाला मिळत नाही आणि नवी पाने पिवळी पडतात.

‘पानं पांढरी पडल्यात, रोग हाय काय?’ हा प्रश्न आम्हाला जितका विचारला जातो तितका दुसरा कुठलाही नाही. ओळखायची खूण सोपी. चट्टे वेडेवाकडे असतात आणि दोन पाने एकसारखी नसतात. लोहाची कमतरता असेल तर सगळ्या कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग एकसारखा पिवळा दिसतो. त्यावर चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह) लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारावे.

कोल्हापूरचा पाऊस या झाडाचा खरा शत्रू आहे. कुंडी दोन विटांवर ठेवायची, खाली बशी ठेवायची नाही, भोक बंद झालेले नाही ना हे जुलैत काडी घालून बघायचे. पानांवर तांबूस ठिपके आणि भोवती पिवळी कड दिसली तर गळलेली पाने गोळा करून, पावसाच्या उघडिपीत कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांबेयुक्त बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम फवारायचे. भर पावसात मोठी छाटणी करू नये, जखमेतून कूज शिरते. पिठ्या ढेकूण झुबक्यांच्या बेचक्यांत लपतो. मुंग्यांची रांग दिसली की तिथेच बघा आणि साबणाच्या पाण्यात निंबोळी तेल लिटरला पाच मिली मारा.

फुलासाठी तीन गोष्टी लागतात: किमान सहा तास ऊन, नवी फूट आणि ताण. सप्टेंबरात पाऊस ओसरला की शेंड्यांची हलकी छाटणी करतो, कारण फूल नव्या काडीवरच येते. नवी फूट वीतभर झाली की पाणी तोडतो. पाने किंचित मलूल झाली की निम्मे पाणी द्यायचे, पुन्हा थांबायचे. हिरव्या जातीला असे तीन-चार आठवडे चालते. चट्टेरी जातीकडे साठा कमी असतो, तिला दोन-अडीच आठवडे पुरे. शेंड्यावर बारीक कळी दिसली की ताण तोडून रोजचे पाणी सुरू करावे, नाहीतर कळ्याच गळतात. युरिया टाळा. नत्र वाढले की काडी लांबते, हिरवा भाग गडद होतो आणि फूल येत नाही. ०:५२:३४ हे नत्र नसलेले, स्फुरद-पालाशाचे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा दिले की पुरते.

एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या भिंतीलगत ठेवलेल्या कुंड्यांच्या पानांची दुधी कड करपते. लहान रोपांना तेवढ्यापुरते २५ ते ३५ टक्क्यांचे शेडनेट लावा. मोठे झाड सावलीत हलवू नका, चट्टे फिके पडतात आणि फूलही जाते.

सध्या गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या कारखान्यांच्या दारांसाठी आणि फार्महाऊससाठी एका खोडाची, छत्रीसारखी झाडे मागतात. त्यासाठी हिरव्या, दमदार बोगनवेलीचे खोड चार फुटांवर नेऊन तिथे चट्टेरी जातीची पाचर कलमे (खोडाला चीर देऊन तीत पाचरीसारखी तासलेली काडी बसवून) बांधतो. खोड हिरव्या जातीचे असल्याने वाढ जोमदार मिळते. पण जोडाच्या खाली येणारा प्रत्येक फुटवा हाताने मोडावा लागतो. झाड देताना गिऱ्हाइकाच्या हातात सिकेटर (छाटणीची कात्री) देऊन एक फुटवा त्यांच्याकडूनच काढून घेतो, आणि जोडावर पांढऱ्या रंगाची खूण करून देतो.